तिसऱ्या अंकातला कंपाउंडर

माझ्या बाबांच्या नाटकात मेलेल्या माणसालाही दोन वाक्यं असतात, असं वडशात म्हणतात. हे अगदीच खोटं नाही. 'कुंकू राहिलं करंड्यात' या त्यांच्या नाटकात तिसऱ्या अंकाच्या ऐन रडारडीत, नायिकेचा नवरा शेवटचे श्वास घेत असताना, दवाखान्यातला कंपाउंडर आत येतो, बाटलीवर लेबल उलटं लागल्याबद्दल तक्रार करतो आणि निघून जातो. नाटकाला त्याची काडीची गरज नाही. पण त्या वर्षी तुळशीदास गहाणे नावाचा मोबाइल दुरुस्त करणारा माणूस "भाऊ, मले बी नाटकात काम पाह्यजे" म्हणत आला होता, आणि बाबांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. मागेल त्याला भूमिका. भूमिका नसली तर ते उभ्या उभ्या लिहितात. त्यामुळे त्यांच्या नाटकात पोस्टमन येतो, शेजाऱ्याचा साडू येतो, एकदा तर हरवलेली म्हैस शोधणारा एक जण दोन अंकांत येऊन गेला, आणि म्हैस शेवटपर्यंत सापडली नाही.

ज्यांनी झाडीपट्टी पाहिली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. पूर्व विदर्भात वैनगंगेच्या काठी वडसा हे गाव, आणि तिथे एका रस्त्यावर ओळीनं नाटक कंपन्यांची कार्यालयं. धान निघालं, दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात आणि प्रत्येक गावाला नाटक हवं असतं. शेतात खोदून प्रेक्षकांची जागा करतात, लेकीबाळी सासरहून येतात, घरोघर पाहुणे भरतात, नाटकाच्या निमित्तानं सोयरिकी जुळतात. बड्या कंपन्यांना तारीख द्यायला जागा नसते. आमच्या 'प्रभातकिरण नाट्यरंग'च्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र तारखांपेक्षा गॅस एजन्सीची जाहिरातच ठळक दिसते. सुखदेवभाऊ दोनाडकर म्हणजे भला माणूस आणि पडेल नाटक, हे समीकरण मी लहानपणापासून ऐकत आले. लोक प्रेमानं हसायचे, पण हसायचे. मला त्याचा राग यायचा, आणि त्याहून जास्त राग बाबा स्वतःही त्यात हसायचे त्याचा यायचा.

आता यंत्राकडे वळते. गोष्ट दोन हजार एकेचाळीस सालची आहे. तोवर घरबसल्या सिनेमा घडवून घेण्याची सोय जुनी झाली होती. भिंतीवरच्या पडद्याला सांगायचं, नायकाला माझा चेहरा लाव, खलनायकाला आमच्या साहेबांचा, शेवट गोड कर. चहा होईपर्यंत सिनेमा तयार. मोठ्या शहरांतली नाट्यगृहं एकेक करून लग्नाचे हॉल झाली. वादक, लेखक, नेपथ्यवाले दुसऱ्या धंद्यांना लागले. आणि नेमक्या त्याच वर्षांत झाडीपट्टीत नाटकं वाढली. दरवर्षी नव्या कंपन्या, नवी गावं, नवी माणसं. कुणालाच याचा अर्थ लागेना. म्हणून राज्याच्या कला-अर्थ मंडळानं नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेला काम दिलं: हे इथे का जगलं ते शोधा, म्हणजे इतरत्रही जगवता येईल.

मी शिकले ते जटिलतेचं शास्त्र. घड्याळ उघडून एकेक चाक पाहिलं की घड्याळ समजतं. मुंगी उघडून वारूळ समजत नाही. कुठल्याही मुंगीच्या डोक्यात वारुळाचा नकाशा नसतो. ती फक्त शेजारणीचा वास घेते आणि पुढचं पाऊल टाकते. अशा लाखो पावलांतून खोल्या, वाटा, हवेची भोकं असलेलं घर उभं राहतं, जे कुणीच ठरवलेलं नसतं. बाजार असाच असतो, भाषा अशीच असते. आणि कला हा ज्या माणसांचा धंदा आहे त्यांचं जगही असंच असतं, असा आमचा अंदाज होता. म्हणून माझा सहकारी फिरोज तांबोळी आणि मी जे यंत्र बांधलं त्याचं नावच आम्ही 'वारूळ' ठेवलं.

वारुळात झाडीपट्टीतला प्रत्येक माणूस एक ठिपका होता. नट, लेखक, पेटीवाला, पडदे रंगवणारा, मंडप घालणारा, नाटक ठरवणारी गावची मंडळी, माहेरी येणाऱ्या लेकीसुद्धा. त्यांच्या परवानगीनं आम्ही माहिती गोळा केली होती: कोण कुणाबरोबर काम करतो, कुणाचं कुणाशी बिनसतं, कोण ऐनवेळी कुणाच्या जागी उभा राहतो. नावं काढून वेगळ्या यादीत बंद ठेवलेली होती. प्रत्येक ठिपक्याला आम्ही त्या माणसासारखं वागायला शिकवलं आणि मग त्यांच्यावर नाटकांचा एक हिवाळा सोडला.

पहिल्यांदा तो हिवाळा पाहिला तेव्हा मी खुर्चीच्या काठावर कधी आले ते मला कळलं नाही. अंधाऱ्या पडद्यावर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असा सगळा प्रदेश पसरलेला, आणि वडशातून प्रकाशाचे धागे निघून गावागावांत पोचत होते, परत येत होते. कुठे दोन ठिपके भांडून वेगळे व्हायचे आणि त्यातून नवी कंपनी उमलायची. कुठे एक नट दोन कंपन्यांना एकच तारीख देऊन बसायचा, आणि त्याची जागा भरायला चार ठिपके आपोआप सरकायचे. कुणी हुकूम देत नव्हतं. तरी सगळं मिळून श्वास घेत असल्यासारखं फुगत होतं, आकसत होतं. माझं अख्खं बालपण त्या धाग्यांत गेलं होतं आणि मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"हे जिवंत आहे," फिरोज हळूच म्हणाला. तो सोलापूरचा, सहसा असं बोलणारा नव्हे.

मग आम्ही एकेक ठिपका काढून बघायला लागलो. एखादा खांब काढल्यावर छप्पर पडतं का, हे बघायची ही जुनी रीत. सगळ्यात मोठी कंपनी काढली. एका हिवाळ्यात खळगा पडला, दुसऱ्या हिवाळ्यात भरून आला. सगळ्यांत गाजलेली नायिका काढली, तिच्या जागी तीन उभ्या राहिल्या. भराभर लिहिणारा लेखक काढला, काही बिघडलं नाही. आम्हाला वाटलं, याला खांब नाहीच.

यंत्र नेटानं एकेक करून सगळे ठिपके काढत राहिलं. दुसऱ्या आठवड्यात फिरोजनं मला हाक मारली. पडद्यावर एक फिकट, कडेचा ठिपका होता. तो काढल्यावर पहिले दोन हिवाळे काहीच झालं नाही. तिसऱ्यात ऐनवेळी माणूस न मिळाल्यानं काही नाटकं रद्द झाली. मग कंपन्या जपून वागू लागल्या, चालतं तेच करू लागल्या, एकमेकींची नक्कल करू लागल्या. नवे चेहरे येईनात. गावांना सगळी नाटकं सारखीच वाटू लागली. आणखी काही हिवाळ्यांनी गावं एकेक करून विझली. लेकी माहेरी येईनाशा झाल्या. शेवटी पडदा काळा पडला. आम्ही तो प्रयोग पुन्हा पुन्हा केला. दरवेळी अंधारच.

"कोण आहे हा?" फिरोज म्हणाला. "याच्याकडे कामं नाहीत, गर्दी नाही, काही नाही. पण ज्याला कुणी घेत नाही तो याच्याकडे येतो. जो भांडून बाहेर पडतो तो राग उतरेपर्यंत याच्याकडे राहतो. ज्याला येत नाही तो याच्याकडे चुकतो आणि शिकतो. याची माणसं नेहमी मोकळी असतात म्हणून बाकी सगळ्यांना ऐनवेळी माणूस मिळतो. प्रणोती, या सगळ्या जंगलात आत यायचं दार एकच आहे."

मी त्या ठिपक्यातून निघालेला एक धागा धरून पुढे गेले. कुणी एक दुकानदार या दारानं आत येतो, दोन वाक्यं बोलतो. पुढच्या वर्षी बड्या कंपनीचा खलनायक येत नाही, तेव्हा हा उभा राहतो. मग लिहायला लागतो. त्याच्या नाटकातून एक नायिका पुढे येते, तिच्या नावावर पंचवीस गावं नव्यानं नाटक ठरवतात, त्या गावांत मंडपवाले, पेटीवाले, रंगारी उभे राहतात. धागा वाढत वाढत अर्धा पडदा उजळून गेला. त्याच्या मुळाशी एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मला नावांची यादी उघडायची गरजच पडली नाही. उलट्या लेबलाचं ते वाक्य मला तोंडपाठ होतं.

मी उठून खिडकीशी गेले आणि रडले. अभिमानानं रडले, हे स्पष्ट सांगते. ज्या माणसावर अख्खा वडसा हसला, त्यानं अख्खा वडसा तोलून धरला होता, आणि हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. आणि आई गेल्यापासून त्याच माणसामागे मी कंपनी बंद करा, नागपूरला चला म्हणून लकडा लावला होता.

मंडळाच्या सहसंचालक अंजनकर मॅडमना आम्ही एवढंच कळवलं की एक ठिकाण कळीचं निघालं आहे. त्या खूष झाल्या. मंडईच्या सुरुवातीलाच वडशात मोठा कार्यक्रम घेऊ, त्या व्यक्तीचा सत्कार करू, कंपनीला मध्यवर्ती संस्थेचा दर्जा देऊ, असं त्यांनी फोनवरच ठरवून टाकलं. मी डोळ्यांपुढे चित्र पाहिलं: बाबा नव्या धोतरात, गळ्यात हार, समोर हसणारे सगळे. मला तो दिवस कुठल्याही शोधापेक्षा जास्त हवा होता.

फिरोज म्हणाला, "एकदा हेही चालवून बघू या. त्या ठिपक्याला स्वतःबद्दल सांगून."

मी चिडले. "तुला वाटतं त्यांना गर्व होईल? तू माझ्या बाबांना ओळखत नाहीस."

"मी काही वाटून घेत नाही. चालवतो."

त्यानं चालवलं. ठिपक्याला कळलं की सगळं आपल्यावर उभं आहे. गर्व झाला नाही, ते मी बरोबर सांगितलं होतं. झाली ती काळजी. आपल्या हातून चुकीचा माणूस आत गेला तर? आपलं नाटक फसलं तर? ठिपका जपून वागू लागला. आलेल्याला थांबवून पारखू लागला. कंपाउंडर गेला, पोस्टमन गेला, म्हैस शोधणारा गेला. नाटक आटोपशीर झालं, चांगलं झालं, गावं बोलवू लागली. माणसं मोकळी उरली नाहीत. दार बंद झालं. आणि मग तोच अंधार, थोडा लवकरच.

एवढं मोठं, एवढं सुंदर काहीतरी, आणि ते उभं होतं एका माणसाला स्वतःची किंमत माहीत नसण्यावर. मला भीती वाटली. डोंगराच्या कड्यावरून खाली पाहताना वाटते तशी, जिच्यात डोळेही हटत नाहीत.

अंजनकर मॅडमना मी नागपूरला बोलावलं आणि दोन्ही हिवाळे दाखवले. दुसरा संपून पडदा काळा झाला. मग त्यांनी पर्स उचलली. "नाव मलाही सांगू नका. मला भाषणं करायची सवय आहे, कधीतरी तोंडातून जाईल. अहवालात काय लिहाल?"

"की पडेल कंपन्यांना हात लावू नये. मदत द्यायची तर यश बघून देऊ नये."

"हे मंत्रालयात पटवायला मला दोन वर्षं लागतील," त्या म्हणाल्या. पण त्यांनी हो म्हटलं.

सरकारचं असं सोपं झालं. बाबांचं राहिलं होतं.

मी वडशाला गेले तेव्हा दुपार होती. बाबा कंपनीच्या ओट्यावर खुर्ची टाकून, गुडघ्यांना तेल लावत बसले होते. रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावरून कुणीतरी "सुखदेवभाऊ, या साली म्हैस सापडते का नाई?" असं विचारलं आणि नेहमीसारखं सगळे हसले. बाबाही हसले. मग माझ्याकडे वळले तेव्हा हसत नव्हते.

"जेवली का माय?"

"जेवले. तुमचे गुडघे कसे आहेत?"

"गुडघ्याचं सोड." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "तुज्या मशीनीत आमी बी आहो म्हने. सगळ्या कंपन्या आहेत. मले एक सांग पनू, आपल्या कंपनीचं काय निघालं?"

मी तयारी करून आले होते तरी गडबडले. "बाबा, त्यात नावं नसतात."

"तू मले ओळखली असशीनच." ते हळू बोलत होते, रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून. "पाय, लोक हासतात ते मले समजत नाई असं नाई. चाळीस वर्षं झाले हासून राहिले. तुजी आई होती तवर वाटे, हासू द्या. आता वाटते, काहून करून राहिलो मी हे? म्हनून ठरवलं. मशीन तुजी, तू खोटं बोलत नाई. आपली कंपनी कामाची निघाली असन तं सांग. नसन तं ह्या मंडईआधी कुलूप लावतो न येतो तुज्याकडं नागपूरले. तू म्हनतच होती."

हे वारुळात नव्हतं. खरं सांगितलं तर दार बंद. खोटं सांगितलं तर कुलूप. आणि खोट्यात माझा फायदा होता, हेही मी विसरू शकत नव्हते: संध्याकाळी घरी आल्यावर बाबा दिसणार, त्यांच्या गोळ्या वेळेवर जाणार, आईच्या फोटोखाली एकट्यानं जेवणं संपणार. एक शब्द पुरे होता. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. चाळीस वर्षं जी गोष्ट ऐकायची त्यांची इच्छा होती ती माझ्या जिभेवर होती, आणि मला ती गिळायची होती.

आत हॉलमध्ये कुणीतरी पेटी उघडली. भिंतीवर जुन्या नाटकांचे फोटो होते. ओळखीचे, बिनओळखीचे, नाव झालेले, नाव न झालेले, कुणाच्या हातात पत्र, कुणाच्या हातात औषधाची बाटली. सगळ्यांनी कधी ना कधी या ओट्यावर येऊन तेच एक वाक्य म्हटलं होतं. मी सोडून. मी या घरात वाढले, आणि बाबांकडे मी ते कधी मागितलं नव्हतं. वारुळात सगळे ठिपके होते, माझा नव्हता. मी काचेबाहेर उभी राहून मोजत होते.

"बाबा, एक मागू?"

"माग ना."

"मले बी नाटकात काम पाह्यजे."

त्यांना आधी कळलंच नाही. "कोनाले?"

"मले. या सीझनले."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांची हनुवटी हलली. "तुले? शाळेच्या गॅदरिंगमंधी पडदा उघडताच रडत खाली उतरली होती तू."

"हो."

"पाठांतर नाई होत तुले. गणित सोडून."

"नाही होत."

ते उठले. गुडघ्यांना हात न लावता उठले, हे मी पाहिलं. खिशात पेन चाचपू लागले, नेहमीसारखं ते कानावर होतं. "शिकलेली बाई," ते स्वतःशीच म्हणाले. "शहरातली. कोन असू शकते… 'कुंकू'च्या तिसऱ्या अंकात गर्दी हाये, पन दवाखाना हाये तं कोनी बी येऊ शकते." दारातच थांबून त्यांनी आत हाक दिली, "अरे, कंपाउंडरच्या मागून एक जागा ठेवजा!"

"आणि कुलूप, बाबा?"

"कोनतं कुलूप?" ते आत गेले.

नागपूरला फिरोजला मी सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं डोकं धरलं. आता तूच आत शिरलीस, म्हणजे मॉडेल चुकलं, पुढचा हिवाळा कसा जाईल हे यंत्राला सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, होय. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वारुळातल्या कुठल्याही मुंगीला ते माहीत नसतं आणि तरी ती पुढचं पाऊल टाकते.

मंडईच्या आधीच्या रविवारी, भर दुपारी, पत्र्याच्या हॉलमध्ये माझी पहिली तालीम झाली. सगळी कंपनी होती, त्यात बरीचशी माणसं मी ठिपके म्हणून ओळखत होते. त्यांच्याकडे बघवेना. इतकी मोठी गोष्ट हातात धरून ही माणसं चहा पीत होती, पंख्याखाली जागेसाठी भांडत होती. तुळशीदास गहाणे मुद्दाम आला होता. आता बड्या कंपन्या त्याच्या नाटकांसाठी थांबतात, पण बाबांच्या तालमीत उलट्या लेबलाचं वाक्य तो अजून स्वतःच म्हणून दाखवतो. म्हणाला आणि बाजूला झाला.

माझी भूमिका होती यंत्र घेऊन आलेल्या तपासणीवाल्या बाईची. आत यायचं, नवऱ्याच्या छातीला यंत्र लावायचं, नायिकेला तीन वाक्यं बोलायची आणि जायचं. बाबांनी ती वाक्यं कशावरून लिहिली हे मी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनी मला यंत्राबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही.

मी आत आले. यंत्र म्हणून दिलेला जुना रेडिओ मी त्या माणसाच्या छातीला लावला, आणि वाक्यं साफ विसरले. हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. विंगेच्या जागी खुर्चीवर बसलेले बाबा पुढे झुकले आणि माझ्या डोळ्यांत बघून त्यांनी ओठ हलवले, आवाज न करता, सावकाश, मला कळेपर्यंत.

मग मी ते त्यांच्याकडेच बघून म्हटलं. "मी तपासून पाह्यलं. यंत्राले काई सांगता येत नाई. तुमी सुरू ठेवा."